पंक्च्युअल आणि पंक्चर

बॉबलिंगेनच्या मराठी मंडळींचा यंदाचा संक्रांतीचा कार्यक्रम. (इथले लोक 'ब्योब्लिंगन' असं काहीतरी म्हणतात. ओठांचा चंबू करून 'ए' म्हणायचं असतं. मला दहा वर्षांत जमलेलं नाही, तुम्हीही नादी लागू नका. मी आपला बॉबलिंगेनच म्हणतो.) निमंत्रणात वेळ दुपारी चारची. सव्वाचारला हॉलमधल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या, तिळगुळाचे डबे अजून कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत. माईकवरचे काका इथे पंचवीस वर्षं काढलेले, त्यामुळे इथली प्रत्येक गोष्ट त्यांना इथल्यांपेक्षा जास्त माहीत. ते म्हणाले, "कार्यक्रम आयएसटीप्रमाणे सुरू होईल. आयएसटी म्हणजे इंडियन स्ट्रेचेबल टाइम!" हशा. टाळ्या.

मीही हसलो. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी बराच तावातावाने बोलणार आहे आणि कुणीतरी म्हणेलच, की तेव्हा तर दात काढत होतास. हो, काढत होतो. इथे आल्यापासून दर गणपतीला, दर दिवाळीला हा विनोद होतो आणि दर वेळी मी हसतो. या वेळी हसून झाल्यावर चहाच्या रांगेत उभा राहिलो आणि तिथे घशात अडकला.

रांगेत एक मुलगी भेटली. इचलकरंजीची. वडील पॉवरलूमवर जॉबर. इथे मास्टर्स केलं, शिकता शिकता वर्षभर एका कंपनीत वर्किंग स्टुडंट म्हणून काम केलं (कंपनी कुठली ते विचारू नका), आणि आता नोकरी शोधतेय. "दादा, माझं सर्टिफिकेट आलं," म्हणून तिने मोबाईल पुढे केला. इथे नोकरी सोडताना कंपनीने लेखी प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्याला अरबाइट्सत्सोइग्निस म्हणतात. पुढची नोकरी मागताना ते जोडावं लागतं. दीड पानाचा कागद होता. त्यात तिने काय काय काम केलं याची यादी, आणि खाली एक वाक्य, ज्याला तिने मोबाईलवरच पिवळा रंग लावला होता. त्याचा अर्थ असा, की या नेहमी पंक्च्युअल आणि नीटनेटक्या होत्या.

"बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. जर्मन लोकांनी आमच्या पोरीला टायमाची पक्की म्हटलंय म्हणून."

मंडळी, ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जर्मनीतली ही प्रमाणपत्रं म्हणजे एक वेगळीच भाषा आहे. कायद्याने प्रमाणपत्र खरं असावं लागतं, आणि कोर्टांनी वर्षानुवर्षं सांगितलंय की ते सद्भावनेनेही लिहिलेलं असावं, माणसाच्या पुढच्या वाटेत काटे पेरू नयेत. आता खरं आणि गोड दोन्ही एकदम कसं लिहायचं? मग लिहिणाऱ्यांनी सांकेतिक भाषा काढली. 'नेहमी आमच्या पूर्णतम समाधानासाठी काम केलं' म्हणजे पहिला वर्ग. (पूर्णाचं पूर्णतम होत नाही हे इथल्या व्याकरणवाल्यांनाही कळतं, पण पहिला वर्ग हवा तर व्याकरण मोडावंच लागतं.) 'नेहमी पूर्ण समाधानासाठी' म्हणजे दुसरा. 'नेहमी' गळालं की तिसरा. नुसतं 'समाधानासाठी' म्हणजे काठावर पास. आणि ज्या गोष्टी गृहीतच धरायच्या, त्यांचंच तेवढं कौतुक केलं तर वाचणाऱ्याने समजायचं की कौतुक करण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही. या यादीत अगदी वरच्या ओळीला बसतं आपलं विशेषण, 'प्युंक्टलिश'. नेहमी वेळेवर यायची. बरं, आणि आल्यावर काय करायची? ते लिहिलेलं नाही.

तिच्या कागदावर समाधानाचं वाक्यच नव्हतं. होतं ते फक्त पिवळं.

मी तिला तिथे काही बोललो नाही. तिळगुळ घेतला, गोड बोललो. दोन दिवसांनी फोन करून सांगितलं. त्या फोनबद्दल पुढे लिहीन. मधले दोन दिवस मात्र मी या एका विशेषणाच्या मागे लागलो होतो. त्यातून जे हाती आलं ते आधी मांडतो, कारण माईकवरच्या काकांशी माझं जे भांडण आहे, ते सगळं त्यातच आहे.

पंक्च्युअल आणि पंक्चर हे सख्खे भाऊ आहेत. खरंच. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणं. त्यावरून 'पुंक्तुम', म्हणजे टोचून पडलेलं भोक, ठिपका, बिंदू. त्यातून इंग्रजीत पॉइंट आला, पंक्चर आलं, पंक्च्युएशन आलं, ॲक्युपंक्चर आलं, आणि मध्ययुगीन लॅटिनच्या 'पुंक्तुआलिस' मार्गे पंक्च्युअल. जर्मन 'प्युंक्टलिश'ही त्याच 'पुंक्ट'चा. गंमत अशी, की या विशेषणाचा घड्याळाशी सुरुवातीला संबंधच नव्हता. पंक्च्युअल माणूस म्हणजे काटेकोर, बारीकसारीक गोष्टींत चोख, मुद्द्याला मुद्दा लावून बोलणारा. जर्मनमध्येही तेच. वेळेवर येणारा हा अर्थ इंग्रजीत चिकटला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. आणि तो त्याआधी चिकटणार तरी कसा? हॉयगेन्सने लंबकाचं घड्याळ केलं १६५६ साली. त्याआधीच्या घड्याळांना बहुतेक वेळा एकच काटा असायचा, तासाचा. ज्या घड्याळाला मिनिटकाटा नाही, त्यासमोर 'तू सात मिनिटं उशिरा आलास' असं कोण कुणाला म्हणणार? आधी यंत्र आलं, मग मिनिट दिसू लागलं, मग ते न पाळणारा माणूस दिसू लागला.

सांगायचं म्हणजे, वक्तशीरपणा हा कुठल्या मातीचा, रक्ताचा, हवामानाचा गुण नाही. घड्याळाबरोबर तो आला आणि ज्याच्या हातात घड्याळ होतं त्याने तो दुसऱ्याला शिकवला. जर्मनांनाही. कांट फिरायला निघाला की क्योनिग्सबर्गचे लोक घड्याळं लावून घ्यायचे, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ही सवय कांटला लागली ती जोसेफ ग्रीन नावाच्या मित्रामुळे, असं त्याचे चरित्रकार सांगतात. हा ग्रीन इंग्रज व्यापारी. हिपेल नावाच्या लेखकाने १७६५ साली 'घड्याळानुसार चालणारा माणूस' अशा अर्थाच्या नावाचं विनोदी नाटक लिहिलं, तेही या ग्रीनवरूनच. म्हणजे तेव्हाच्या जर्मन प्रेक्षकाला घड्याळाबरहुकूम जगणारा माणूस हा हसण्याचा विषय वाटत होता, आणि तो माणूस जर्मन नव्हता!

आता आपल्याकडे येतो.

काका म्हणतात आपल्या लोकांना वेळेची किंमत नाही. आपली भाषा काय म्हणते? मराठीत 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो. 'यायची वेळ झाली' आणि 'यायला वेळ झाला'. पहिल्यात ठरलेला क्षण आला, दुसऱ्यात तो टळून गेला. 'ती वेळ' म्हणजे बिंदू, 'तो वेळ' म्हणजे लांबी. जर्मनला यासाठी 'त्साइटपुंक्ट' आणि 'त्साइटराउम' असे जोडशब्द करावे लागतात. आपण नुसतं लिंग बदलतो आणि पाच वर्षांचं पोरही त्यात चुकत नाही. ज्या भाषेने हा फरक व्याकरणात कोरून ठेवला, तिच्या बोलणाऱ्यांना वेळ कळत नाही म्हणता?

आणि भोक म्हणाल तर ते आपल्याकडेही होतंच. घटिकापात्र. तांब्याचं वाटीएवढं भांडं, बुडाला बारीक छिद्र. ते पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायचं. छिद्रातून पाणी शिरत शिरत ते बुडालं की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. घटकेची साठ पळं, एक पळ २४ सेकंदांचं. दोन घटकांचा मुहूर्त. अशा साठ घटकांचा दिवस. लग्नघरी घटिकापात्रावर डोळे लावून बसलेला माणूस हा त्या मांडवातला सगळ्यात जबाबदार माणूस असायचा. (आमच्याकडे आता पत्रिकेवर १२ वाजून ३२ मिनिटांचा मुहूर्त छापतात आणि अक्षता सव्वाला पडतात, कारण नवरदेवाचे मित्र वरातीत नाचत असतात. हे मान्य. पण सव्वाला का होईना, गुरुजी घड्याळाकडे बघूनच 'सावधान' म्हणतात.) 'वेला' या मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ काठ, मर्यादा, समुद्राची भरती जिथवर येते तो किनारा. इंग्रजीतला 'टाइड'ही मुळात काळ याच अर्थाचा, जर्मन 'त्साइट'चा भाऊ. युरोपने हे विशेषण टोचलेल्या बिंदूवरून घेतलं, आपला शब्द किनाऱ्यावरून आला. किनारा रेघेसारखा नसतो, पट्टा असतो. पण समुद्राला तो कळतो.

मुंबई टाइमची गोष्ट मला काकांना माईक हिसकावून सांगायची होती. १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने भारतासाठी एक प्रमाणवेळ लागू केली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ होती ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे एका रात्रीत मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे सरकायची होती. सूर्य काही सरकणार नव्हता. गिरणीचा भोंगा मात्र नव्या घड्याळावर वाजणार, म्हणजे कामगाराने खऱ्या वेळेच्या ३९ मिनिटं आधी, जानेवारीच्या अंधारात, दाराशी हजर व्हायचं. त्याच जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारलं, गिरण्यांवर दगड पडले. बऱ्याच लोकांनी नव्या वेळेला विरोध केला. मुंबई महापालिका तर पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही काळ आपल्या जुन्या वेळेला धरून होती.

आता त्या एका कामगाराकडे बघा. ३१ डिसेंबरला तो वक्तशीर होता. १ जानेवारीला तो तसाच उठला, तितकीच पावलं चालला, त्याच उजेडात पोचला, आणि ३९ मिनिटं उशिरा ठरला. त्याच्यात काय बदललं? काहीही नाही. विशेषण ज्याच्या हातात होतं त्याने काटा सरकवला. ई. पी. थॉम्पसन या इंग्रज इतिहासकाराचा १९६७ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे, त्यात इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांमधल्या कामगारांच्या साक्षी आहेत. मालक सकाळी घड्याळ पुढे करायचे, संध्याकाळी मागे, आणि कामगारांना खिशात घड्याळ बाळगायची भीती वाटायची. इथेही पंक्च्युअल कोण हे आधीच ठरलेलं.

आणि हे बॉबलिंगेन? इथे पहिली आगगाडी आली १८७९ साली, स्टुटगार्टहून. तेव्हा इथे चालायची स्टुटगार्ट टाइम. शेजारच्या बाडेनमध्ये कार्ल्सरुअ टाइम, बव्हेरियात म्युनिक टाइम, उत्तरेत बर्लिन टाइम. म्हाताऱ्या सेनापती मोल्टकेने मार्च १८९१ मध्ये संसदेत भाषण करून सांगितलं की असल्या पाच-पाच वेळांवर सैन्य हलवता येत नाही. १ एप्रिल १८९३ पासून अख्ख्या देशाला एक वेळ मिळाली आणि इथली घड्याळं सुमारे २३ मिनिटं पुढे गेली. मुंबईच्या फक्त तेरा वर्षं आधी! जर्मनांचा जन्मजात, वेदकालीन वगैरे वक्तशीरपणा म्हणतात तो एवढा जुना आहे.

मी डॉक्टरेट स्टुटगार्ट विद्यापीठात केली. ज्या एस-बानने मी आज ऑफिसला जातो, तिच्याच वाटेवर ते स्टेशन आहे. पहिल्या दिवशी व्याख्यान दहाचं होतं. जर्मनी म्हटल्यावर मी नऊ पंचावन्नला खोलीत. कुणी नाही. दहा वाजले, कुणी नाही. मला वाटलं खोली चुकलो, दोन मजले धावून आलो. सव्वादहाच्या ठोक्याला प्राध्यापक आणि ऐंशी पोरं शांतपणे आत. वेळापत्रकात दहाच्या पुढे 'सी. टी.' अशी दोन अक्षरं होती. लॅटिनमध्ये 'कुम तेम्पोरे', म्हणजे वेळेसकट. विद्यापीठात त्याचा अर्थ पंधरा मिनिटं उशिरा. चर्चच्या घंटेचे टोल ऐकून विद्यार्थी घरून निघायचे, त्यांना चालत यायला पाव तास, अशी या प्रथेची कथा सांगतात. मला ती प्रथा फार आवडते. पण हीच पंधरा मिनिटं आमच्या हॉलमध्ये झाली की ती स्ट्रेचेबल, आणि यांनी तिला दोन लॅटिन अक्षरं चिकटवली की ती परंपरा.

रेल्वेचं तर बोलायलाच नको. डॉइचे बानच्या हिशेबात सहा मिनिटांहून कमी उशीर झालेली गाडी 'प्युंक्टलिश' असते. पाच मिनिटं एकोणसाठ सेकंद, वेळेवर! आणि रद्द झालेली गाडी या हिशेबात धरतच नाहीत, कारण जी आलीच नाही ती उशिरा कशी येईल? एवढी सवलत घेऊनही २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या. स्वित्झर्लंडवाले तीन मिनिटांची सवलत घेतात. स्टुटगार्टचं नवं भुयारी स्टेशन २०१० मध्ये सुरू केलं, ते २०१९ च्या डिसेंबरात उघडायचं होतं. मग २०२१, मग २०२५, मग २०२६. पुढची तारीख लिहीत नाही, हा लेख टाकेपर्यंत बदलायची. बर्लिनच्या विमानतळाचं उद्घाटन ३ जून २०१२ ला होतं. महिनाही उरला नसताना रद्द केलं, आणि विमानतळ उघडला ३१ ऑक्टोबर २०२० ला. आठ वर्षं. याला कुणी जर्मन स्ट्रेचेबल टाइम म्हटलेलं ऐकलंय? प्रकल्पातल्या अडचणी म्हणतात.

जर्मनांची थट्टा करणं हा माझा उद्देश नाही. मी इथलं मीठ खातो, आणि इथल्या शेजाऱ्याने दहाला येतो म्हटलं तर तो दहाला येतो, त्याचं मला कौतुकच आहे. ते शिकण्यासारखंही आहे. आमच्या कार्यक्रमाचे तिळगुळाचे डबे चारला टेबलावर हवे होते, यात वाद नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. मी चिपमधल्या टायमिंगवर काम करतो. आमच्या धंद्यात 'वेळेवर' या शब्दाला एकटा अर्थच नसतो. सिग्नल घड्याळाच्या ठोक्याच्या अमुक पिकोसेकंद आधी पोचलेला हवा, आणि ठोक्यानंतर अमुक पिकोसेकंद टिकून राहायला हवा. उशिरा आला तर चिप चुकते, फार लवकर बदलला तरी चुकते. (जपानमध्ये २०१७ साली एक लोकल वीस सेकंद लवकर सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली होती. जगभर लोक हसले. आमच्या टीममध्ये कुणी हसलं नाही.) वेळेवर म्हणजे किती ते आधी लिहून ठेवावं लागतं. बिंदू नसतोच, खिडकी असते. म्हणून 'अमुक समाज पंक्च्युअल आहे' असं कुणी म्हणालं की मी इंजिनियर म्हणून एवढंच विचारतो: खिडकी किती मिनिटांची, आणि ती कुणी ठरवली?

कारण खिडकी नेहमी एकाच बाजूने ठरते. आपल्याकडे शाळेच्या मैदानात पोरं दोन-दोन तास उन्हात बसतात, कारण प्रमुख पाहुणे यायचेत. ती पोरं वेळेवर आलेली असतात! सातच्या भोंग्याला गेटवर असलेला माणूस, ८.०७ ची फास्ट पकडणारी बाई (सव्वाआठची नव्हे, ८.०७ ची), एकमेकांच्या हातात डबे देत दुपारच्या जेवणाआधी पोचवणारे डबेवाले, पहाटेचं दूध घालणारा, ही सगळी मंडळी भारतीयच आहेत ना? त्यांना इंडियन स्ट्रेचेबल टाइम परवडत नाही. ज्यांना परवडतो तेच माईकवरून तो विनोद सांगतात, आणि सगळ्या देशाच्या नावावर खपवतात.

इथेही तेच. परदेशी नागरिकांच्या एका कार्यालयात (गाव सांगत नाही) मी व्हिसा वाढवायचा अर्ज मुदतीच्या चांगला आधी दिला. मला दिलेल्या वेळेला सात मिनिटं आधी पोचलो, कारण चुकली तर पुढची वेळ काही महिन्यांनी. कार्ड तयार व्हायला त्यांना इतके महिने लागले की जुन्याची मुदत संपली. मग त्यांनी एक तात्पुरता कागद दिला. त्याचं अधिकृत नाव 'फिक्शन प्रमाणपत्र'. म्हणजे माझं इथलं राहणं वैध आहे असं मानून चालायचं. मी सात मिनिटं चुकलो असतो तर मी अनपंक्च्युअल भारतीय ठरलो असतो. ते सात महिने चुकले असते तरी ती फक्त कामाची गर्दी असती.

असो. फोनबद्दल लिहीन म्हणालो होतो.

मी तिला सगळं सांगितलं. समाधानाच्या वाक्यांचे चार वर्ग, गृहीत गोष्टींचं कौतुक, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण दादा, मी खरंच कधी लेट गेले नाही. एस-बान बंद होती तेव्हा हुल्बपासून चालत गेले होते." मग थोड्या वेळाने, "त्यांनी मुद्दाम लिहिलं असेल का?"

हा प्रश्न मी दोन दिवस स्वतःला विचारत होतो आणि अजून मला उत्तर सापडलेलं नाही. एक शक्यता अशी, की तिच्या साहेबाला खरोखर दुसरं काही लिहायचं नव्हतं. ते मला पटत नाही, कारण कामाची यादी त्याच कागदावर होती आणि ती लहान नव्हती. दुसरी शक्यता अशी, की माणूस चांगला होता, संकेताबिंकेताचा विचार न करता त्याने मनापासून लिहिलं. त्याला तिचं वेळेवर येणं खरंच उल्लेखनीय वाटलं. का वाटलं? कारण भारतीय लोक उशिरा येतात हे त्याला माहीत होतं. कुणी सांगितलं त्याला? त्याच्या आधीच्या भारतीय सहकाऱ्यांनी. मीटिंगला तीन मिनिटं उशिरा आत शिरताना हसत हसत, "सॉरी, इंडियन टाइम!" हे मी स्वतः म्हटलेलं आहे. एकदा नाही. ट्रेन उशिरा आली होती, त्यांचीच ट्रेन, आणि मी त्यांच्या ट्रेनचा उशीर माझ्या देशाच्या नावावर टाकला. सगळे हसले, मीटिंग सुरू झाली, मला फार मोकळंढाकळं वाटलं. माझी नोकरी पक्की होती. त्या विनोदाचं बिल माझ्याकडे येणार नव्हतं.

ते इचलकरंजीच्या पोरीकडे गेलं.

इथला कायदा सांगतो की प्रमाणपत्र स्पष्ट आणि समजेल असं हवं, शब्दांआड दुसरा अर्थ लपवायला मनाई आहे. दुरुस्ती मागता येते. मी तिला पत्राचा मसुदा करून दिला, एका जर्मन मैत्रिणीने त्यातली माझी तीन विशेषणं काढून टाकली (रागाची होती), आणि पत्र गेलं. दोन आठवडे उत्तर नाही. आठवणीचं पत्र. मग एक ओळीचं उत्तर, बघतो म्हणून. पाचव्या आठवड्यात नवा कागद आला. कामाची यादी तीच. खाली 'नेहमी आमच्या पूर्ण समाधानासाठी', म्हणजे दुसरा वर्ग, आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. पंक्च्युअल हा शब्द गेला होता. तारीख मात्र जुनीच, पहिल्या कागदावरची. दुरुस्त केलेल्या प्रमाणपत्रावर मूळचीच तारीख घालायची, असा इथल्या कोर्टाचा दंडक आहे, नाहीतर वाचणाऱ्याला भांडण झाल्याचा वास येतो. थोडक्यात, पाच आठवडे उशिरा आलेला तो कागद रेकॉर्डवर अगदी वेळेवर आलेला आहे.

तिने लगेच वडिलांना फोन केला. नंतर मला सांगत होती. नवं वाक्य तिने मराठीत करून दोनदा वाचलं, दुसरा वर्ग म्हणजे इथे किती चांगला हेही समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मागे मागांचा खडखडाट चालू होता. मग म्हणाले, "व्हय, चांगलंच झालं की. पर ते टायमाचं का काढलं गं? ते ऱ्हाऊ द्यायचं हुतं."